पत्ता साखळीचा, कात्री पेशीची

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २५ एप्रिल २०२३ रोजी 'टोफर्सेन' या औषधाला मान्यता दिली. अ‍ॅमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, म्हणजेच एएलएस हा स्नायूंवरील ताबा हळूहळू हिरावून घेणारा विकार. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे त्याचे नाव सर्वसामान्यांच्या कानावर आले. या विकाराच्या सर्व रुग्णांपैकी सुमारे दोन टक्के रुग्णांमध्ये 'एसओडी१' नावाच्या जनुकातील दोष कारणीभूत असतो. टोफर्सेन केवळ त्यांच्यासाठी आहे. हे औषध म्हणजे अवघ्या वीस दुव्यांची, प्रयोगशाळेत जोडलेली आणि मुद्दाम फेरफार केलेली डीएनएसदृश साखळी. ती पाठीच्या कण्यातून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडली जाते, चेतापेशींत शिरते, 'एसओडी१' जनुकाने पाठवलेला निरोप नेमका हुडकते आणि त्या निरोपाचे दोन तुकडे होतात.

तुकडे मात्र ती साखळी करीत नाही. तिच्यात कापण्याची क्षमताच नाही. कात्री पेशीच्या मालकीची असते. साखळी कोठे कापायचे एवढेच दाखवते. न्यूक्लिइक आम्लांना हव्या त्या जागी कापण्याच्या या तंत्राला अर्धशतकाहून मोठा इतिहास आहे. कापणे कसे जमवायचे, या प्रश्नाने त्यातील पहिली काही दशके घेतली. आता प्रश्न बदलला आहे. काय कापावे, कोणाचे कापावे आणि किती कापावे, यावर रुग्णांचे भवितव्य ठरू लागले आहे.

सोळा अक्षरांचा पत्ता

पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या रूपाने जनुकीय माहिती साठवलेली असते. एखादे प्रथिन तयार करायचे झाले की त्या जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल काढली जाते. हा 'संदेशवाहक आरएनए' केंद्रकाबाहेर येतो आणि त्यातील मजकुरानुसार प्रथिन बनते. हा निरोप वाटेतच नष्ट केला तर मूळ जनुकाला धक्का न लावता प्रथिनाचे उत्पादन कमी करता येते.

निरोप चार अक्षरांत लिहिलेला असतो आणि प्रत्येक अक्षराची जोडी ठरलेली असते. 'ए' समोर 'टी' किंवा 'यू', 'जी' समोर 'सी'. त्यामुळे निरोपाच्या एखाद्या भागाला पूरक असा क्रम जुळवून छोटी साखळी तयार केली तर ती त्याच भागाला जाऊन चिकटते. अशा छोट्या साखळीला ऑलिगोन्यूक्लिओटाइड म्हणतात. शास्त्रज्ञांच्या बोलण्यात तिचे 'ऑलिगो' झाले आहे. मूळ मजकुराच्या उलट क्रम असल्याने या औषधांना 'अँटिसेन्स' हे नाव मिळाले.

पत्ता किती लांब असावा, हे साध्या गणिताने समजते. दहा अक्षरांचे सुमारे साडेदहा लाख वेगवेगळे क्रम संभवतात. मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. म्हणजे दहा अक्षरांचा कोणताही क्रम निव्वळ योगायोगाने त्यात हजारो वेळा आढळेल. सोळा अक्षरांचे क्रम मात्र सुमारे ४२९ कोटी होतात. म्हणूनच या प्रकारची बहुतेक औषधे सोळा ते वीस अक्षरांची आहेत. त्याहून लांबी वाढवली तर अचूकता वाढेल, असा कोणाचाही समज होईल, पण प्रत्यक्षात उलट घडते. लांब साखळी इतकी घट्ट चिकटते की एखाद-दुसरे अक्षर चुकले तरी ती सोडत नाही आणि नको त्या निरोपालाही धरून बसते.

सैबेरियातील कल्पना, बोस्टनमधील प्रयोग

हव्या त्या जागी रासायनिक घाव घालण्यासाठी पूरक साखळीचा उपयोग करावा, ही कल्पना सोव्हिएत रशियात नोवोसिबिर्स्क येथे सर्वप्रथम मांडली गेली. नीना ग्रिनेवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली न्यूक्लिइक आम्लाच्या लहान घटकाला नायट्रोजन मस्टर्ड गटातील क्रियाशील रसायन जोडून दाखवले. साखळीने जागा शोधावी आणि तिच्या टोकावरील रसायनाने त्या जागी आघात करावा, अशी ही योजना होती. रशियन शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या नावात 'पत्ता' हाच शब्द होता. त्या काळी क्रम वाचण्याची सोय नव्हती आणि हव्या त्या क्रमाची साखळी जोडणे महिनोन् महिन्यांचे काम होते. कल्पना काळाच्या बरीच पुढे होती.

पुढचे पाऊल अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पडले. पॉल झामेच्निक हे नाव जीवशास्त्रात आधीच प्रतिष्ठित होते. प्रथिननिर्मितीतील 'ट्रान्स्फर आरएनए'चा शोध लावणाऱ्यांत ते होते. मेरी स्टीफन्सन यांच्यासह त्यांनी कोंबड्यांमध्ये कर्करोग निर्माण करणाऱ्या राऊस सार्कोमा विषाणूच्या आरएनएला पूरक अशी तेरा अक्षरांची डीएनए साखळी तयार केली आणि ती कोंबडीच्या भ्रूणपेशींच्या संवर्धनात मिसळली. विषाणूची वाढ रोखली गेली. साखळीची दोन्ही टोके रासायनिकरीत्या झाकली तेव्हा परिणाम अधिक ठळक दिसला. १९७८ च्या जानेवारीत हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पुढे काही वर्षे त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. डीएनएची साखळी पेशीच्या आवरणातून आत शिरू शकते, यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. झामेच्निक २००९ साली, ९६ व्या वर्षी निवर्तले. तोवर त्यांच्या कल्पनेवर एक अख्खा उद्योग उभा राहिला होता.

कात्री आधीपासूनच हजर

साखळी चिकटल्याने निरोप का थांबतो, याचे पहिले स्पष्टीकरण साधे होते: वाटेत अडथळा आला, वाचन थांबले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा याहून अधिक काही घडत होते. जर्मनीतील हान्स स्टाइन आणि पीटर हाउसेन यांनी १९६९ साली वासराच्या थायमस ग्रंथीत एक विकर शोधून काढले होते. डीएनए आणि आरएनए एकमेकांना चिकटून संकरित जोडी झाली असेल तर हे विकर त्यातील नेमका आरएनए कापते, डीएनएला हात लावत नाही. त्याचे नाव रायबोन्यूक्लिएज एच, संक्षेपाने आरनेज एच. त्यातील 'एच' हे संकरासाठी, म्हणजे हायब्रिडसाठी आहे.

हे विकर परीक्षानळीत हव्या त्या जागी कात्रीसारखे वापरता येते, हे हेलन डोनिस-केलर यांनी १९७९ मध्ये दाखवले. डीएनएचा छोटा तुकडा आरएनएच्या इच्छित भागाला चिकटवायचा आणि आरनेज एच मिसळायचे. आरएनए तेवढ्याच भागात तुटतो. अँटिसेन्स साखळ्यांच्या परिणामामागे प्रामुख्याने हेच विकर आहे, याचा सबळ पुरावा १९८८ च्या सुमारास रोक्सॅन आणि जोसेफ वॉल्डर यांच्या प्रयोगांतून मिळाला. मानवी पेशींत हे काम आरनेज एच१ करते, हे निर्विवादपणे सिद्ध व्हायला २००४ साल उजाडले. म्हणजे पहिले औषध बाजारात येऊन सहा वर्षे झाल्यावर! औषधशास्त्रात असा उलटा क्रम काही नवलाचा नाही.

या पद्धतीचा एक मोठा फायदा असा की साखळी खर्ची पडत नाही. आरएनए तुटला की त्याचे तुकडे सैल होऊन सुटतात आणि पेशीतील इतर विकरे ते संपवून टाकतात. साखळी मात्र शाबूत राहून पुढच्या निरोपाला जाऊन चिकटते. एक साखळी अनेक निरोप नष्ट करवू शकते.

दुरुस्तीची वीस वर्षे

नैसर्गिक डीएनएची उघडी साखळी रक्तात सोडली तर ती काही मिनिटांतच नष्ट होते. परके डीएनए फोडून टाकणारी विकरे शरीरात सर्वत्र असतात. त्यामुळे साखळीला शत्रूंपासून वाचवायला हवे होते, पण ते करताना आरनेज एचला ती ओळखू येईनाशी होऊनही चालणार नव्हते. या पेचात वीसेक वर्षे गेली.

पहिली उपयुक्त दुरुस्ती फार छोटी होती. साखळीतील दुवे फॉस्फरसच्या अणूंनी जोडलेले असतात आणि प्रत्येक फॉस्फरसभोवती ऑक्सिजनचे अणू असतात. त्यांतील एक ऑक्सिजन काढून त्याजागी गंधक बसवण्याचे रसायनशास्त्र जर्मनीत ग्योटिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत फ्रिट्झ एकश्टाइन यांनी १९६० च्या दशकापासून विकसित केले. फॉस्फोरोथायोएट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साखळीला विकरे सहजासहजी फोडू शकत नाहीत. शिवाय ती रक्तातील प्रथिनांना सैलसर चिकटते आणि त्यामुळे मूत्रपिंडावाटे लगेच बाहेर टाकली जात नाही. आरनेज एचलाही ती चालते. तिचे दुखणे असे की प्रत्येक गंधक दोनपैकी एका बाजूला बसतो. वीस जोड असलेल्या साखळीची त्यामुळे दहा लाखांहून अधिक भिन्न त्रिमितीय रूपे होतात आणि औषधाच्या कुपीत ती सगळी एकत्र असतात. शिवाय गंधकयुक्त साखळी मूळ साखळीपेक्षा किंचित सैल चिकटते.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पॉल मिलर व पॉल त्सो यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी साखळीवरील विद्युतभारच काढून टाकला. मिथाइलफॉस्फोनेट नावाची ही साखळी विकरांना दाद देत नव्हती, मात्र आरनेज एचही तिच्याकडे ढुंकून पाहीना. १९९१ साली कोपेनहेगनमध्ये तयार झालेल्या पेप्टाइड न्यूक्लिइक आम्लाची, म्हणजे पीएनएची गतही तशीच. ते लक्ष्याला अतिशय घट्ट बिलगते, पण कात्री बोलावू शकत नाही. या पीएनएच्या रचनेत सुधारणा करण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश, वैजयंती कुमार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दीर्घकाळ केले. गणेश पुढे पुण्याच्या 'आयसर'चे संस्थापक संचालक झाले. न कापता केवळ वाट अडवायची असेल किंवा एखादा क्रम ओळखायचा असेल तेथे पीएनएचे महत्त्व आजही आहे.

पेच सुटला तो जपानमध्ये. साप्पोरो येथील होक्काइडो विद्यापीठात हिदेओ इनोउए, एइको ओत्सुका आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक मिश्र साखळी तयार केली. तिच्या दोन्ही बाजूंना शर्करेवर मिथाइल गट बसवलेले आरएनएचे दुवे आणि मध्ये मोजकेच डीएनएचे दुवे होते. बाजूचे दुवे लक्ष्याला घट्ट धरत, पण आरनेज एच त्यांच्यासमोरील आरएनए कापू शकत नसे. कापण्याजोगी जागा तेवढी मधली उरली. डीएनएचे दुवे कमी करीत नेले तेव्हा आरएनए ठरावीक एकाच जोडावर तुटू लागला. 'या पट्ट्यात कोठेतरी' इथपासून 'याच दोन अक्षरांमध्ये' इथवरचा हा प्रवास होता. ओत्सुका यांचा हात या रसायनशास्त्रात आधीच बसलेला होता. जनुकीय सांकेतिक लिपीच्या उलगड्यासाठी १९६८ चे नोबेल मिळवणारे हरगोविंद खोराना यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत त्यांनी १९६० च्या दशकात न्यूक्लिइक आम्लाच्या साखळ्या जोडल्या होत्या. खोरानांच्या त्या चमूतून किती दिशांना किती माणसे गेली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या मिश्र रचनेला पुढे 'गॅपमर' हे नाव पडले. मध्ये डीएनएची मोकळी जागा, दोन्ही बाजूंना चिलखत. कॅलिफोर्नियातील आयसिस फार्मास्युटिकल्स कंपनीत ब्रेट मोनिया व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अशा साखळ्यांचा पेशींतील प्रभाव दाखवला. त्यानंतर बाजूच्या दुव्यांसाठी अधिक चांगले फेरफार आले. स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीत विकसित झालेला मिथॉक्सिइथाइल गट त्यांत सर्वाधिक यशस्वी ठरला. टोफर्सेनमध्ये पाच असे दुवे, मध्ये डीएनएचे दहा आणि पुन्हा पाच अशी मांडणी आहे. एकदा दिलेली मात्रा ऊतींमध्ये कित्येक आठवडे टिकते.

डीएनए कापण्याची वेगळी वाट

आरएनए एकेरी असतो, त्यामुळे त्याला पूरक साखळी चिकटवणे सोपे. डीएनए दुहेरी पिळाचा; त्याची जोडी आधीच लागलेली. तरीही कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पीटर डर्व्हन यांनी १९८५ ते १९९१ या काळात त्यावर मात करून दाखवली. त्यांनी साखळीला लोहाचा अणू धरून ठेवणारा एक रासायनिक गट जोडला. हे लोह जवळच्या डीएनएचा कणा जाळून तोडते. १९८७ मध्ये हेन्झ मोझर आणि डर्व्हन यांनी अशी साखळी दुहेरी पिळाच्या खाचेत तिसरा पदर म्हणून बसवली आणि संपूर्ण पीळ ठरलेल्या जागी तोडला. येथे मात्र पेशीची कात्री नव्हती, साखळीनेच पाते वाहून आणले होते.

पुढे स्कॉट स्ट्रोबेल आणि डर्व्हन यांनी युक्ती बदलली. तिसरा पदर झाकण म्हणून वापरायचा, उरलेल्या सर्व जागा रासायनिक खूण करून विकरापासून सुरक्षित करायच्या आणि झाकण काढून विकराला तेवढी एकच जागा मोकळी ठेवायची. या पद्धतीने १९९१ मध्ये मानवी चौथे गुणसूत्र एकाच ठिकाणी कापले गेले. निवडलेली जागा हंटिंग्टन विकाराच्या जनुकाचा शोध ज्या टोकाकडे चालला होता तेथील होती. ते जनुक १९९३ मध्ये सापडले. तिसऱ्या पदराची मर्यादा अशी की तो ठरावीक प्रकारच्या क्रमांवरच बसतो. आज जिवंत पेशीतील डीएनए कापण्यासाठी क्रिस्पर तंत्र वापरले जाते आणि त्यातही आरएनएची मार्गदर्शक साखळी पत्ता दाखवते, कास९ हे प्रथिन कापते. प्रयोगशाळेत बनवलेल्या मार्गदर्शक साखळीची टोके टिकावीत म्हणून त्यांवर गंधक आणि मिथाइल गट बसवतात. जुनीच विद्या, नव्या घरात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की डीएनएवरील घाव कायमचा असतो. आरएनए कापला तर औषध थांबवल्यावर काही महिन्यांत निरोप पूर्ववत होतात.

पहिली औषधे, पहिले चटके

या तंत्राचे पहिले औषध फोमिव्हिर्सेन. आयसिसने विकसित केलेल्या या एकवीस अक्षरांच्या गंधकयुक्त साखळीला २६ ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकेत मान्यता मिळाली. एड्सच्या रुग्णांमध्ये सायटोमेगॅलो विषाणूमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज येऊन अंधत्व येत असे. औषध थेट डोळ्यात टोचले जाई. परंतु त्याच सुमारास एचआयव्हीवरील प्रभावी औषधांची मिश्र उपचारपद्धती आली आणि अशा रुग्णांची संख्याच घटली. युरोपातून २००२ मध्ये आणि अमेरिकेतून २००६ मध्ये औषध मागे घेण्यात आले. कंपनीच्या नावामागेही पुढे दुर्दैव लागले. त्याच नावाची दहशतवादी संघटना कुप्रसिद्ध झाल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये आयसिसने 'आयोनिस' हे नाव घेतले.

कर्करोगासाठी आणलेले ओब्लिमर्सेन २००४ मध्ये तज्ज्ञ समितीपुढे टिकले नाही. जानेवारी २०१३ मध्ये मान्यता मिळालेले मायपोमर्सेन हे वारशाने आलेल्या अतितीव्र कोलेस्टेरॉलवरील गॅपमर होते. ते यकृतातील संबंधित निरोप व्यवस्थित कापत होते, कोलेस्टेरॉल उतरत होते. पण यकृतावर दुष्परिणाम दिसत असल्याने अमेरिकेत कडक इशाऱ्यासह ते विकले गेले आणि युरोपने ते नाकारले. काही वर्षांतच त्याची विक्री थांबली. एटीटीआर अ‍ॅमिलॉइडोसिस या चेतातंतूंच्या आनुवंशिक विकारासाठी २०१८ मध्ये आलेल्या इनोटर्सेनने रुग्णांना उपयोग झाला. मात्र रक्तातील प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत घटण्याचा आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा संभव असल्याने वारंवार रक्ततपासणी अपरिहार्य ठरली.

यामागील एक कारण मात्रेत होते. इनोटर्सेन आठवड्याला २८४ मिलिग्रॅम द्यावे लागे, कारण टोचलेल्या औषधाचा फार थोडा भाग योग्य पेशींच्या आत योग्य कप्प्यात पोहोचतो. यकृतापुरता हा प्रश्न एका साखरेने सोडवला. यकृताच्या पेशींवर गॅलॅक्टोजसदृश साखर ओळखून आत ओढून घेणारे ग्राहक असतात. साखळीच्या टोकाला गॅलनॅक नावाच्या या साखरेचे तीन रेणू जोडले की पेशी तिला स्वतःहून आत घेतात. त्याच विकारासाठी, त्याच निरोपाविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेले एप्लोंटर्सेन महिन्याला अवघे ४५ मिलिग्रॅम पुरते. सुमारे पंचवीस पटींची ही घट या क्षेत्रातील अलीकडची सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणावी लागेल. मेंदू, स्नायू किंवा हृदयासाठी इतकी सोपी किल्ली मिळालेली नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. काही फेरफार साखळीची पकड फार वाढवतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपान व डेन्मार्कमध्ये स्वतंत्रपणे तयार झालेले 'लॉक्ड' न्यूक्लिइक आम्ल हे त्याचे उदाहरण. अशा गॅपमरमुळे काही वेळा यकृताला इजा होत असे. साखळी अपुऱ्या जुळणीच्या इतर निरोपांनाही धरते आणि आरनेज एच१ तेही कापते, हे २०१६ च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांत स्पष्ट झाले. कात्री मालकाचा हेतू जाणत नाही. जेथे बोट दाखवले जाईल तेथे चालते.

याच काळात एक चुलत पद्धतही पुढे आली. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये वर्णन केलेल्या आरएनए इंटरफेरन्सला २००६ चे नोबेल मिळाले. तिच्यात दुहेरी आरएनए साखळी वापरतात आणि कापण्याचे काम आर्गोनॉट२ हे प्रथिन करते. ऑगस्ट २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे त्यातील पहिले औषध. कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनदा टोचले जाणारे इन्क्लिसिरानही त्याच कुळातले.

कापले, पण उपयोग?

हंटिंग्टन विकारात मेंदूच्या पेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात आणि आईवडिलांपैकी एकाला तो असेल तर अपत्याला होण्याची शक्यता निम्मी असते. टोमिनर्सेन हे गॅपमर त्यासाठी तयार झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६ रुग्णांच्या पहिल्या चाचणीत दोषी प्रथिनाची पातळी ४० टक्क्यांच्या आसपास उतरली. जगभरच्या रुग्णकुटुंबांत आशेची लाट आली. रोश कंपनीने ७९१ रुग्णांवर मोठी चाचणी घेतली. मार्च २०२१ मध्ये स्वतंत्र समितीच्या सल्ल्यावरून उपचार थांबवावे लागले. दर आठ आठवड्यांनी औषध घेणाऱ्या गटाची प्रकृती औषधविरहित द्रव घेणाऱ्या गटापेक्षा अधिक खालावत होती.

औषधाने काम केले नव्हते असे नाही. निरोप कापले गेले होते, प्रथिन घटले होते. टोमिनर्सेन दोषी आणि निर्दोष अशा दोन्ही प्रतींचे निरोप सारखेच कापते आणि निर्दोष प्रथिनाची मेंदूला गरज असते, हे एक संभाव्य कारण. मात्रा फार जास्त होती, हे दुसरे. कमी वयाच्या आणि विकार कमी वाढलेल्या रुग्णांत चित्र थोडे बरे असावे, असे नंतरच्या विश्लेषणातून दिसल्याने त्यांच्यासाठी कमी मात्रेची नवी चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. मोठ्या चाचणीत पाठीत वारंवार सुई टोचून घेतलेल्या रुग्णांना मात्र हाती काही लागले नाही.

टोफर्सेनची कथा याच्या शेजारी ठेवून वाचावी लागते. १०८ रुग्णांवरील २८ आठवड्यांच्या चाचणीत प्रथिन घटले. चेतापेशींची हानी दर्शवणारा न्यूरोफिलामेंट हा घटक रक्तात निम्म्याहून अधिक उतरला. पण रुग्णांच्या हालचालींच्या क्षमतेत दिसलेला फरक सांख्यिकीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे सात टक्के जणांना मज्जारज्जूचा दाह यांसारखे गंभीर त्रास झाले. मार्च २०२३ मध्ये सल्लागार समितीसमोर दोन प्रश्न होते. न्यूरोफिलामेंटमधील घट पुढील लाभाची वाजवी खूण मानावी का? नऊ विरुद्ध शून्य मतांनी होकार. औषध परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा आहे का? तीन होकार, पाच नकार, एक तटस्थ. या दोन मतदानांच्या आधारे पुढील पुराव्याच्या अटीवर मान्यता देण्यात आली. चाचणी संपल्यावर औषध सुरू ठेवलेल्यांपैकी ज्यांनी ते आधी सुरू केले होते, त्यांची घसरण उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा संथ होती, ही गोष्ट या निर्णयाच्या बाजूने बोलते. तरीही कठोर मापदंडाने पाहणाऱ्या तज्ज्ञांची शंका अनाठायी म्हणता येणार नाही.

एएलएसचाच आणखी एक दुर्मीळ प्रकार 'एफयूएस' जनुकातील दोषामुळे होतो आणि तो अनेकदा विशी-तिशीतच गाठतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील नील श्नायडर यांनी आयोनिसच्या साहाय्याने २०१९ मध्ये एका तरुणीसाठी त्यावरील गॅपमर तयार करवून घेतले. तिचा आजार तोवर फार पुढे गेला होता, ती वाचली नाही. परंतु तेच औषध इतरांना देण्यात आले आणि बारा रुग्णांचा अनुभव २०२५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचा आजार पुढे सरकत राहिला. एक तरुणी मात्र पुन्हा आधाराविना चालू लागली आणि तिची कृत्रिम श्वसनयंत्रणाही सुटली. आणखी एकाला उपचार सुरू करताना लक्षणेच नव्हती, फक्त स्नायूंच्या विद्युत तपासणीत बिघाडाच्या खुणा होत्या; त्याला पुढील तीन वर्षांत लक्षणे दिसली नाहीत.

या सर्व अनुभवांचा रोख एकाच दिशेने आहे. मेलेली चेतापेशी परत येत नाही, त्यामुळे निरोप कापायचा तर ती जिवंत असताना कापायला हवा. टोफर्सेनची 'अ‍ॅटलस' ही चाचणी २०२१ मध्ये सुरू झाली ती त्यासाठीच. तिच्यात सहभागी होणाऱ्यांच्या जनुकात दोष आहे, पण लक्षणे नाहीत. त्यांच्या रक्तातील न्यूरोफिलामेंट ठरावीक कालावधीने मोजले जाते. ते वर चढू लागले की चालत्याबोलत्या, दररोज कामावर जाणाऱ्या या माणसांच्या पाठीत पहिली सुई टोचण्याची वेळ येते.